रामकुंडावरची वही आणि आमचं 'कुलकर्णी'

बाबांच्या अस्थी घेऊन नाशिकला गेलो होतो. क्षेत्रोपाध्यायांनी, म्हणजे तिथल्या पिढीजात तीर्थपुरोहितांनी, मूळ गाव विचारलं आणि येणाऱ्या घराण्यांच्या नोंदींची, कापडात बांधलेली लांबट वही काढली. त्यात पणजोबांची मोडीतली सही! शाई तपकिरी झालेली, वळण मात्र ठसठशीत. गुरुजींनी ओळ न् ओळ सावकाश वाचून दाखवली. सर्वांत जुन्या नोंदीत आम्ही जोशी, पुढच्या पिढीपासून कुलकर्णी. म्हणजे गावचा वसूल-हिशेब लिहिण्याचं वतन, म्हणजे वंशपरंपरेचा हक्क, घरात आलं आणि तेच आडनाव झालं. १९५० च्या कायद्याने कुलकर्णी वतनं गेली, आडनाव टिकलं. फोटो काढू दिला नाही, हे खटकलं. सगळं हाताने उतरवलं. जाताना मूळ गाव नक्की विचारून जा, वही त्यावरूनच सापडते. नव्या नोंदीत मी लेकीचंही नाव लिहिलं.