एकावर एक मोफत मोजे आणि आत्यांचा पाय

माझ्या टाचांना बारा महिने भेगा. पोळी-भाजी केंद्र चालवते, पहाटे पाचपासून उभी, त्यात पायाखालची फरशी कायम ओली. अंघोळीच्या वेळी वज्री आणि रात्री कोकमाचं तेल, एवढ्यावर इतकी वर्षं भागलं होतं. पण नणंदेच्या मुलीचं लग्न वैशाखात ठरलं आणि मला हौस सुचली, की यंदा पाय जरा फोटोत दाखवण्यासारखे करावेत. नेमकी त्याच आठवड्यात मोबाईलवर ती रील यायला लागली.

भेगाळलेला, काळपट पाय. त्यावर प्लास्टिकचा मोजा चढतो, उतरतो, आणि कुणीतरी चिमटीत धरून टाचेची साल सोलतं. उकडलेल्या बटाट्याची निघावी तशी, अखंड. खाली गुलाबी टाच. ‘जपानी तंत्र, शंभर टक्के नैसर्गिक, उसाचं आणि दुधाचं सत्त्व, केमिकल अजिबात नाही, दोन तासांत फरक.’ किंमत १९९९ खोडून ४९९, आणि एकावर एक मोफत. वर घड्याळ उलटं पळतंय, ९ मिनिटं शिल्लक. पान बंद करून पुन्हा उघडलं की ते परत दहावर येतं, हे मला नंतर कळलं.

‘उसाचं सत्त्व’ म्हणजे ग्लायकोलिक ॲसिड आणि ‘दुधाचं’ म्हणजे लॅक्टिक ॲसिड, हेही नंतरच कळलं. बऱ्याचदा सोबत सॅलिसिलिक ॲसिड आणि यूरियाही असतो. ऊस आमच्या रानात पिढ्यान् पिढ्या आहे, त्यानं कुणाची साल निघालेली मी पाहिली नाही. ही ॲसिडं मेलेल्या कातडीच्या थरांना धरून ठेवणारी चिकट सांधणी सैल करतात. ते काम हळू होतं. मोजे तास-दीड तास घालायचे, धुवायचे आणि विसरायचं. साल सुटायला तीन-चार दिवस ते आठवडा लागतो आणि पुढं आठ-दहा दिवस पापुद्रे निघत राहतात. मोजा काढल्या काढल्या साल हातात येत असेल, तर एक तर तो व्हिडिओ खोटा, नाही तर पाय भाजलेला.

पार्सल पाच दिवसांनी आलं. पार्सल आणणारा पोरगा म्हणाला, आधी पैसे, उघडून बघता येणार नाही. पाठवणाऱ्याचं नाव जाहिरातीतल्यापेक्षा वेगळंच, कसलंसं ‘एंटरप्रायझेस’. आत दोन चंदेरी पाकिटं आणि चिनी अक्षरांतला एक कागद. पाकिटावर इंग्रजीत एक चिकटपट्टी, तीवर फक्त मालाचं नाव. घटकांची यादी नाही, बॅच नंबर नाही, कधीपर्यंत वापरायचं ते नाही. मी केंद्रावरची, मसाल्याचं पाकीटसुद्धा तारीख बघितल्याशिवाय घेत नाही. पण ४९९ देऊन बसले होते, म्हणून मनाला समजावलं, परदेशी माल असाच येत असेल.

दुसरं पाकीट मी आत्यांना दिलं. आमच्याकडे सासूला आत्याच म्हणतात. वय ७१, साखर पंधरा वर्षांची. त्यांच्या टाचा माझ्यापेक्षाही वाईट. त्या नको म्हणत होत्या, “ह्या वयात कशाला गं नटवतीस मला?” पण मीच आग्रह केला. हे लिहिताना हात जड होतो.

रविवारी दुपारी दोघी मोजे घालून टीव्हीपुढं बसलो. आत गार, चिकट पाणी आणि नेलपॉलिश रिमूव्हरसारखा भपकारा. वीसएक मिनिटांत माझ्या भेगांमध्ये चुरचुरायला लागलं. चाळीस मिनिटांनी सहन होईना, मी काढून पाय धुतले. आत्यांना विचारलं, “तुम्हाला आग होतीय का?” “मला काहीच होत नाही. तुझी कातडी नाजूक.” त्या मालिका संपेपर्यंत, रीलवाल्यांनी सांगितलेले पुरे दोन तास, मोजे घालून बसल्या. मला तर वाटलं, बरं झालं, निदान त्यांना तरी मानवलं.

सकाळी आत्यांच्या डाव्या टाचेवर आणि करंगळीखाली पाण्यानं टरारलेले फोड होते. बोटांच्या बेचक्यात कातडी पांढरी पडून सुटलेली. आणि त्या तशाच पायानं चुलीपर्यंत चालत गेल्या होत्या. मी घाबरून हळद आणि खोबरेल लावलं. मग विक्रेत्याच्या व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला. दोन मिनिटांत हिंदीत उत्तर: ‘नॉर्मल है मॅम, डेड स्किन निकल रही है’, पुढं हृदयाचं चित्र. मी विचारलं, यात काय घातलंय? त्यानंतर त्यांचा फोटो दिसेनासा झाला आणि माझ्या मेसेजला दुसरी टिक आलीच नाही. ब्लॉक.

डॉक्टरांनी आधी हळद धुऊन काढली आणि मला झापलं. असलं काही पायावर चुरचुरलं तर लगेच काढून वाहत्या साध्या पाण्याखाली पंधरा-वीस मिनिटं पाय धरायचा, वर घरातलं काही चोपडायचं नाही, फोड फोडायचा नाही. मग त्यांनी एक नायलॉनचा जाडसर दोरा काढला, पेनासारख्या दांडीला लावलेला. “आजी, डोळे मिटा. टोचलं की हो म्हणा.” दोरा अंगठ्याला टेकवला, वाकेपर्यंत दाबला. आत्या गप्प. करंगळीखाली दाबला. गप्प. चवड्याला. गप्प. पायाच्या वरच्या बाजूला टेकवला तेव्हा कुठं “हो” म्हणाल्या. मग डोळे मिटलेल्याच म्हणाल्या, “सुरू करा की डॉक्टर.”

माझ्या अंगावर काटा आला. ज्याला मी ‘मानवलं’ समजले, ते हे होतं. साखरेनं तळपायाच्या नसा बधिर झालेल्या, आग होत होती पण वर कळत नव्हती. बधिर पायाची जखम अशीच न दुखता चिघळते आणि पुढं बोट कापण्यापर्यंत जाते, हे डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं. सहा आठवडे दिवसाआड ड्रेसिंग. लग्नात आत्या खुर्चीत बसून होत्या, पायाला बँडेज.

पैसे परत मागायच्या नादात आणखी एक ठेच बसता बसता राहिली. एक फोन आला, “रिफंड डिपार्टमेंट”, क्यूआर पाठवतो, स्कॅन करून पिन टाका, ४९९ जमा होतील. मुलानं फोन हातातून हिसकावला. पैसे घ्यायला पिन लागतच नाही, पिन फक्त द्यायला लागतो. असे पैसे कुणाचे गेलेच, तर तासभरसुद्धा न थांबता सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला फोन करा.

मोज्यांची तक्रार मी ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ ला केली. अन्न व औषध प्रशासनाकडेही अर्ज दिला. तिथल्या साहेबांनी पाकीट हातात घेऊन उलटंपालटं केलं आणि म्हणाले, “यावर आहे काय, तेच दाखवा.” सौंदर्यप्रसाधन इथं बनलं असेल तर त्यावर बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, परवाना क्रमांक, बॅच, वापराची मुदत आणि घटकांची यादी लागते, बाहेरून आणलं असेल तर आणणाऱ्याचं नाव-पत्ता आणि नोंदणी क्रमांक. माझ्या पाकिटावर यातलं एकही नव्हतं. वेबसाइटवरचा पत्ता शोधला तर त्या शहरात त्या नावाचा रस्ताच नाही. मोकळी पाकिटं मी फेकली नव्हती, एवढीच अक्कल शाबूत होती. पैसे मिळाले नाहीत.

असे मोजे सगळेच वाईट असं नाही. माझ्या भाचीनं औषधाच्या दुकानातून, नीट लेबल असलेले आणून वापरले, तिला काही झालं नाही. पण तिनं आधी दंडाच्या आतल्या बाजूला थेंबभर लावून एक दिवस वाट पाहिली, पाकिटावर लिहिलेल्या वेळेचा गजर लावला, मोजे घालून फरशीवर चालली नाही (घसरतं), आणि पुढचे दहा दिवस पापुद्रे ओढले नाहीत की वज्री लावली नाही. सुटलेलं आपोआप गळू दिलं, अडकलेलं कात्रीनं कापलं. जिथं भेगेतून लाल दिसतं, रक्त येतं, चिखल्या झाल्यात, सोरायसिस किंवा इसब आहे, तिथं हे प्रकरण नको. ॲस्पिरिनची ॲलर्जी असेल तर सॅलिसिलिक नको. पोटुशी बाईनं डॉक्टरांना विचारावं. आणि साखर असेल तर मोजेही नको, ती कुरपावर लावायची औषधाची पट्टीही नको. तीतही सॅलिसिलिक ॲसिडच असतं.

मला डॉक्टरांनी यूरियाचं क्रीम दिलं. अंघोळीनंतर पाय ओलसर असतानाच लावायचं, रात्री वरून सुती मोजे. महिन्यात भेगा भरल्या. चवथाई पैशात.

आत्यांच्या तळव्याखाली मी आता रोज झोपायच्या आधी हातआरसा धरते. त्यांना स्वतःला दिसतही नाही आणि कळतही नाही.

परवा तीच रील परत आली. नाव वेगळं, आता ‘कोरियन तंत्र’, किंमत ५९९. पण पाय तोच. घोट्याशेजारचा तीळसुद्धा तोच.