ऑनलाइन न्यूरोसायन्स एमएस्सी: मालवणात बसून दहा महिने शिकल्यावर

मी फिजिओथेरपिस्ट. मालवणात आणि आसपासच्या वाड्यांत घरोघरी जाऊन पक्षाघाताच्या पेशंटकडून व्यायाम करून घेते. गेल्या ऑगस्टमध्ये एका परदेशी विद्यापीठाच्या दोन वर्षांच्या ऑनलाइन एमएस्सी न्यूरोसायन्सला प्रवेश घेतला. आता जून उजाडला, पहिलं वर्ष संपत आलंय. ओळखीतल्या तीन-चार मुली विचारतायत की घ्यावा का, म्हणून सविस्तर लिहिते.

कुठलाही कोर्स मी आता एकाच प्रश्नावर जोखते: मेंदूबद्दल जे सांगताय, ते कळलं कसं, हे तुम्ही शिकवता का? या कोर्सने ते शिकवलं. पहिल्या विषयात पेशीच्या पडद्याचं विद्युत विभव आलं. ‘आत उणे 70 मिलिव्होल्ट’ एवढं पाठ करून मी बीपीटी, म्हणजे फिजिओथेरपीची पदवी, पास झाले होते. इथे चेतातंतूतून विद्युत संदेश कसा जातो ते उलगडणाऱ्या हॉजकिन आणि हक्स्ले या शास्त्रज्ञांचे 1952 चे मूळ शोधनिबंध वाचायला लावले. त्यांचे आलेख समोर ठेवून सोडियम आणि पोटॅशियमचे प्रवाह वेगळे कसे काढले, ते आमच्याकडून पायरीपायरीने वदवून घेतलं. तीन आठवडे गेले. गणित सुटलेल्या माणसाला जड जातं, पण नंतर कोणतंही प्रकरण परकं वाटत नाही.

त्यांचे प्रयोग म्हाकुलाच्या, म्हणजे स्क्विडच्या, जाड चेतातंतूवर झालेले. आमच्याकडे म्हाकुल बंदरावर रोज उतरतं, तेव्हा मी अर्धा किलो आणलं. पोटाच्या बाजूने उभं चिरून, आतलं सगळं काढून अंगाची पिशवी उलगडली. आतल्या भिंतीवर दोन बाजूंना दोन चेतागुच्छ दिसले आणि त्यांतून चांदणीसारखे फाकलेले पांढुरके धागे. सगळ्यात मागचा धागा सगळ्यात जाड. म्हाकुलाच्या तंतूला मायलिनचं, म्हणजे संदेश वेगाने नेणारं मेदाचं, वेष्टण नसतं, त्यामुळे संदेश वेगाने न्यायचा तर तंतू जाड करणं हाच उपाय. त्याच वेगावर ते पाणी फेकून निसटतं. आई शेजारी उभी होती. म्हणाली, ‘‘गो, ह्येचा सुक्या करूचा हा काय नुसता बघीत रवतलंस?’’ दोन्ही झालं.

हे कोर्सने करवून घेतलं नाही, मी केलं, आणि त्याची मोठी उणीव हीच आहे. प्रयोगशाळा नाही. स्क्रीनवर इलेक्ट्रोड सरकवायचा, स्क्रीनवर आलेख येतो, तो दरवेळी स्वच्छच येतो. खरा मेंदू मी कॉलेजच्या शवविच्छेदनगृहात हाताळला होता, म्हणून चित्रांवर निभावलं. नुसतं बीएस्सी करून येणाऱ्या मुलीला ते जमणं कठीण आहे. जिला संशोधनात जायचंय तिने बंगळुरूचं निमहान्स, आयआयएस्सी किंवा मानेसरचं राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्र, अशा ठिकाणांकडे आधी बघावं. हाताचं काम तिथे आहे.

शिक्षकांचे शेरे मात्र उत्तम. आयन मार्गिकांवरच्या, म्हणजे सोडियम-पोटॅशियमच्या पेशीत ये-जा करायच्या वाटांवरच्या, निबंधासाठी त्यांनी जपानी फुगू माशाच्या विषाचं उदाहरण दिलं होतं. मला आमच्या जाळ्यांत येणारा केंड आठवला, तोही त्याच कुळातला. या कुळातल्या माशांत सापडणारं टेट्रोडोटॉक्सिन सोडियमची वाट बंद करतं. कोकणातल्या लाल विंचवाचं विष नेमकं उलट करतं, उघडलेली वाट मिटू देत नाही. मग स्वायत्त चेतासंस्था उसळते, रक्तदाब चढतो, फुप्फुसात पाणी भरतं. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन हे रक्तदाब उतरवणारं औषध वापरून यावर उपचार बसवले, त्या कामाला 2022 मध्ये पद्मश्री मिळाली. निबंध मी याच जोडीवर लिहिला. परत आला तेव्हा एका वाक्याखाली रेघ होती: प्राझोसिन विषावर काम करत नाही, परिणामांवर करतं, तुझ्या मांडणीत हा फरक पुसला गेलाय. बरोबर होतं. इतक्या बारकाईने माझं लिखाण आजवर कोणी वाचलं नव्हतं.

आता ज्याने माझं काम बदललं ते. चांगला हात बांधून ठेवून लुळा हात वापरायला लावायची पद्धत आम्ही फिजिओथेरपिस्ट सगळेच वापरतो. दोन वर्षांपूर्वी इथल्याच दांडी भागातल्या एका काकांना मी ती दिली होती. जन्म रापणीत, किनाऱ्यावरून जाळं ओढण्यात, गेलेला माणूस. बोटं अजिबात उघडत नव्हती. दोन आठवडे पेजेचा चमचाही धरता येईना, आणि शेवटी त्यांनी मला यायला नको म्हणून सांगितलं. संख्याशास्त्राच्या विषयात या पद्धतीवरची 2006 ची मोठी चाचणी आली. 222 पेशंट. पहिला प्रश्न होता, ‘यात कोणाला घेतलं?’ मनगट आणि बोटं थोडी तरी मागे वळवता येत होती अशांनाच. काकांसारख्यांवर ती तपासलेलीच नव्हती. त्या रात्री मला झोप लागली नाही. पुन्हा त्यांच्याकडे गेले, चुकलं ते सांगितलं. आता त्यांचा बरा हात जाळं शिवतो आणि दुसरा जाळं दाबून धरतो.

हाच विषय बहुतेक जण रटाळ म्हणून उरकतात. उरकू नका. मेलेला सॅमन मासा मेंदूच्या स्कॅनरमध्ये ठेवला आणि आकडेमोड ढिली ठेवली तर त्याचा मेंदूही ‘काम करताना’ दिसतो, हे 2009 मध्ये दाखवलं गेलं. रंगीत मेंदूचं चित्र बघून मान डोलवायची सवय माझी तिथे सुटली.

स्मृती, लक्ष, भाषा यांचा बोधात्मक विषय वरवरचा होता, त्यावर लिहिण्यासारखं नाही. थेट वर्ग आपल्या रात्री साडेदहाला. एकदा वीज गेली आणि देखरेखीखालची परीक्षा मध्येच तुटली. मदतकक्षाचं उत्तर नवव्या दिवशी आलं, तेही ‘अर्ज पुन्हा भरा’ एवढंच. दर हप्त्याला फी भरणाऱ्या माणसाशी असं वागणं मला पटलेलं नाही.

पेशंट बघणारी असाल तर मी घ्या म्हणेन. पुढे पीएचडी करायची असेल तर हा नको. पैसे भरण्याआधी विद्यापीठाला मेल करा: मूळ शोधनिबंध किती वाचायला लावता, आमचे निबंध तपासून कोण देतं, परीक्षेत वीज गेली तर नियम काय. आणि उत्तर कितव्या दिवशी येतं तेही मोजा.