प्रमाणपत्र मिळालं, काम मात्र झालंच नव्हतं

दुचाकी विकायला काढली असेल आणि सुरक्षा तपासणीचं प्रमाणपत्र घ्यायला निघाला असाल, तर आधी हे वाचा. माझे पैसे गेले ते गेलेच. पण खराब गाडी ‘सुस्थितीत आहे’ असा कागद दाखवून मी दुसऱ्याच्या गळ्यात मारणार होतो, याची टोचणी त्याहून जास्त आहे.

गाडी माझ्याकडे ९ वर्षं होती. तपासणी करून देणाराच दुरुस्तीही करायचा. मला ते सोयीचं वाटलं, आणि तिथेच मी चुकलो. अर्ध्या तासात त्याचा फोन आला, “साहेब, गाडी नापास होतेय. कोनसेट गेलाय, पुढचे ब्रेक पॅडही संपलेत. दोन्ही बदलले की लगेच पास करून देतो.” मी हो म्हणालो. काय पाहिलं, कसं पाहिलं, काही विचारलं नाही. दीड तासात गाडी तयार! बिल भरलं, शिक्का मारलेलं प्रमाणपत्र घेतलं आणि घरी आलो.

दीड तास ऐकूनच मला शंका यायला हवी होती. कोनसेट म्हणजे हँडलच्या मानेतलं बेअरिंग. ते बदलायचं तर पुढचं चाक काढावं लागतं, शॉकअप उतरवावे लागतात, हँडल बाजूला करावं लागतं, बेअरिंगच्या गोळ्या ज्यात फिरतात त्या जुन्या वाट्या ठोकून बाहेर काढाव्या लागतात. नवीन बसवल्यावर नट नेमका किती आवळायचा हेही जपून पाहावं लागतं.

दोन दिवसांनी एक तरुण गाडी बघायला आला. प्रमाणपत्राकडे त्याने नुसती नजर टाकली. गाडी सेंटर स्टँडवर घेतली, मला मागून दाबून धरायला सांगितलं आणि पुढचं चाक उचललं गेल्यावर दोन बोटांनी हँडल सावकाश फिरवलं. बरोबर मध्यावर ते अडकलं. पुन्हा फिरवलं, पुन्हा तिथेच ‘टक’. “दादा, कोनसेट गेलाय,” तो म्हणाला. मी म्हटलं, “अहो, परवाच बदललाय, बिल आहे माझ्याकडे.” त्याने मोबाईलचा टॉर्च लावला आणि हँडलखालचा मोठा नट दाखवला. नटाच्या कडांवर जुना गंज जसाच्या तसा होता. बाजूच्या खाचेत धूळ आणि ग्रीस मिळून काळा थर बसलेला. पाना लागल्याची एकसुद्धा खूण नव्हती. तो नट सोडवल्याशिवाय बेअरिंग बाहेर येतच नाही. मग त्याने कॅलिपरमध्ये, म्हणजे ब्रेक पॅड बसतात त्या भागात, उजेड टाकला. पॅडवरची झीज दाखवणारी खाच जवळजवळ पुसली गेली होती. म्हणजे दोष खरे होते, बिलही खरं होतं, फक्त काम झालं नव्हतं.

मला शरमेने बोलता येईना. तो मुलगा काही वेडंवाकडं बोलला नाही, पण गाडी न घेता गेला. त्याच्या जागी मीही तेच केलं असतं.

परत गेलो तर उत्तर मिळालं, “प्रमाणपत्र दिलंय ना? गाडी पास आहे.” जुने भाग दाखवा म्हटलं, तर ते भंगारात गेले. काम झालं नाही हे सिद्ध करायला माझ्याकडे आधीचा एकही फोटो नव्हता. म्हणून कळकळीने सांगतो, गाडी देण्याआधी त्या नटाचे, ब्रेक पॅडचे, चेनचे जवळून फोटो काढून ठेवा. नापास केली तर कशामुळे, ते लेखी मागा आणि तो दोष समोर दाखवायला सांगा. दुरुस्ती दुसरीकडे करून पुन्हा तपासून मिळेल का, हे सुरुवातीलाच विचारा. आणि जुने भाग परत हवेत हे काम सुरू व्हायच्या आधी सांगा, नंतर नाही. प्रमाणपत्राला मुदत असते. ती संपत आली की माणूस घाईत कशालाही हो म्हणतो, म्हणून हाताशी वेळ ठेवूनच जा.

पुढे मी दुसऱ्या मेकॅनिककडे शेजारी उभं राहून काम करून घेतलं. जुनी वाटी त्याने पुसून माझ्या हातावर ठेवली. बेअरिंगच्या गोळ्यांनी तिच्यात एका रांगेत खड्डे पाडले होते, बोटाच्या टोकाला सहज लागतील असे. गाडी बहुतेक वेळ सरळच चालते, त्यामुळे रस्त्याचे धक्के त्याच जागी बसत राहतात आणि हँडल मध्यावर अडकतं. अशी गाडी सरळ रेषेत धरवत नाही, सारखी या बाजूला त्या बाजूला भरकटते.

ती वाटी, दोन्ही बिलं आणि पहिलं प्रमाणपत्र जोडून, तपासणीचा परवाना देणाऱ्या खात्याकडे मी लेखी तक्रार केली आहे. त्या तरुणालाही फोन करून काम झाल्याचं कळवलं. त्याने तोवर दुसरी गाडी घेतली होती.