एफटी-८५७डी, आयसी-७१०० आणि एफटी-८९१: गाडीत नीट कोण ऐकतो?

गाडीत बसवायचा हॅम रेडिओचा एचएफ (लघुलहरींचा) सेट घेताना बहुतेक जण आधी वॅट विचारतात. येसूचे एफटी-८५७डी आणि एफटी-८९१, आयकॉमचा आयसी-७१००, या तिन्ही सेटना एचएफवर १०० वॅट आहेत, म्हणजे तो प्रश्न इथेच मिटला. गाडीतली खरी अडचण वेगळी असते. समोरच्याला आपण ऐकू जातो, पण तो आपल्याला ऐकू येत नाही. म्हणून मी तिघांचे रिसीव्हर एकाच गाडीत, एकाच व्हिप अँटेनावर, इंदूरच्या सुदामानगरपासून महू आणि पुढे मानपूरच्या घाटापर्यंत ऐकत आलो. गाडी मुलगा चालवतो आणि डायल माझ्या हातात असतो. दोन्ही कामं एकट्याने करू नयेत, असं माझं ठाम मत आहे.

संवेदनशीलतेचे, म्हणजे किती क्षीण सिग्नल ऐकू येतो त्याचे, आकडे बाजूला ठेवा. तिन्ही सेटच्या पत्रकांत एसएसबीसाठी (बोलण्याच्या नेहमीच्या पद्धतीसाठी) ०.२ मायक्रोव्होल्टच्या आसपासचा आकडा दिसेल. आता गाडी राजवाड्याजवळ उभी करून ४० मीटरचा पट्टा ऐका. जाहिरातींचे एलईडी फलक, दुकानांतले इन्व्हर्टर, डोक्यावरच्या तारा. सिग्नलची ताकद दाखवणाऱ्या एस-मीटरची सुई एस-७ च्या खाली यायला तयार नसते. एस-९ म्हणजे ५० मायक्रोव्होल्ट आणि एकेक पायरी सहा डेसिबलची, तेव्हा एस-७ म्हणजे साधारण साडेबारा मायक्रोव्होल्ट नुसता गोंगाट. तिथे ०.१५ चांगला की ०.२, याला काय अर्थ? ४० मीटरवर प्रीअँप (अँटेनाकडून येणारा सिग्नल आधीच वाढवणारा टप्पा) बंदच ठेवावा. येसूच्या सेटवर त्यासाठी आयपीओ आहे, तो लावावा. १० मीटरवर, शहराबाहेर, मोकळ्या माळावर मात्र प्रीअँपचा उपयोग होतो, कारण तिथे बाहेरचा गोंगाट बराच कमी असतो.

रिसीव्हरची खरी परीक्षा संध्याकाळी होते. आपल्याकडे ४० मीटरचा पट्टा ७.० ते ७.२ मेगाहर्ट्झ, आणि ७.२ च्या वर लगेच प्रसारण केंद्रं. ती इतकी जोरात येतात की कमकुवत स्टेशन ऐकताना सेटचा पुढचा भाग किती खंबीर आहे ते लगेच कळतं. इथे ८५७ आणि ८९१ यांच्यातला फरक मला सगळ्यात स्पष्ट जाणवला. ८५७ चा डीएसपी, म्हणजे डिजिटल फिल्टर, शेवटी, ऑडिओच्या टप्प्यावर काम करतो. शेजारचा जोरदार सिग्नल फिल्टरमधून आत आला की एजीसी (आवाजाची पातळी आपोआप सांभाळणारी यंत्रणा) रिसीव्हरला आधीच दाबते. मग डीएसपीने तो सिग्नल कापला तरी आपल्या स्टेशनचा आवाज त्याच्या तालावर खालीवर होत राहतो. ८९१ मध्ये ६९.४५० मेगाहर्ट्झच्या पहिल्या आयएफवरच (ऑडिओच्या आधीच्या मधल्या फ्रिक्वेन्सीवर) ३ किलोहर्ट्झचा रूफिंग फिल्टर, म्हणजे शेजारचे सिग्नल दारातच अडवणारा फिल्टर, आहे आणि त्यामागे आयएफ डीएसपी. तिथे नॉच (एकच सूर कापणारा फिल्टर) एजीसीच्या आतच लागतो. कोणी पट्ट्यात शिट्टी मारत ट्यून करत असेल तर नॉच फिरवा; शिट्टी जाते आणि दबलेलं बोलणं पुन्हा वर येतं. माझ्यासारख्या रोज नेटवर, म्हणजे हॅम लोकांच्या ठरलेल्या वेळेच्या गप्पांत, बसणाऱ्या माणसाला या एका गोष्टीसाठी हा सेट घ्यावासा वाटेल.

आयकॉमच्या ७१०० मध्येही आयएफ डीएसपी आहे, आणि त्याचं ट्विन पीबीटी (फिल्टरच्या कडा सरकवायची सोय) मला तिघांत सगळ्यात हाताळायला गोड वाटलं. बोलण्याच्या दोन्ही कडा वेगवेगळ्या सरकवता येतात, त्यामुळे वरच्या बाजूची चरचर कापली तरी माणसाचा आवाज माणसाचाच राहतो.

रॉब शेरवूड यांची रिसीव्हर चाचण्यांची यादी सगळे बघतात. ती २ किलोहर्ट्झ अंतरावरच्या डायनॅमिक रेंजप्रमाणे, म्हणजे शेजारी जोरदार सिग्नल असताना सेट किती तग धरतो त्याप्रमाणे, लावलेली असते. स्पर्धेच्या गर्दीत मोर्स चालवणाऱ्याला तो आकडा हवाच. पण एबी रोडवर चालत्या गाडीत त्या आकड्याच्या कितीतरी आधी नॉइज ब्लँकर (ठोक्यांसारखा गोंगाट काढणारी सोय) कामी येतो. पेट्रोल गाडीच्या स्पार्कचे टोकदार ठोके तिन्ही सेट काढतात. ७१०० मध्ये ब्लँकरची पातळी, खोली आणि रुंदी हवी तशी जुळवता येते. राऊच्या पुढे उच्चदाबाच्या तारांखालून जाताना मला त्याचाच सर्वांत जास्त उपयोग झाला. यूएसबी चार्जरची सततची भणभण मात्र कोणताच ब्लँकर काढत नाही. चार्जर उपटून ठेवा, केबलवर फेराइटचं (गोंगाट शोषणारं) कडं चढवा. पावसाळ्यातल्या विजांचा कडकडाट ब्लँकरसाठी फार लांबट असतो. तेव्हा आरएफ गेन (रिसीव्हरची ग्रहणक्षमता) उतरवायचा, मग कान दुखत नाहीत.

मोर्ससाठी मी महूच्या एका निवृत्त सिग्नलवाल्या काकांना गाडीत बसवलं. त्यांनी तिन्ही सेट ऐकले आणि ५०० हर्ट्झचा कॉलिन्स मेकॅनिकल फिल्टर बसवलेला ८५७ हातातून सोडेनात. म्हणाले, "अरे, हा शांत आहे. मागे भुणभुण नाही, नुसता सूर." त्यांचं म्हणणं मला पटतं. २००३ सालचा सेट, उत्पादन कधीच थांबलंय, तरी त्या फिल्टरमधून येणारा स्वच्छ सूर आजही ऐकत बसावासा वाटतो.

सोयींचं थोडक्यात. ८५७ आणि ७१०० वर २ मीटर आणि ७० सेंटिमीटर मिळतात; ८९१ चा पल्ला ६ मीटरपाशी संपतो. ७१०० चा तिरका, टचस्क्रीनचा कंट्रोलर मोठा आहे आणि छोट्या गाडीच्या डॅशवर जागा मागतो, पण स्पीकर त्याच्यातच समोर असल्यामुळे आवाज थेट तोंडाकडे येतो. बाकी दोघांना मी वेगळा स्पीकर लावला, आणि तो लावायलाच हवा. अँटेना जुळवणारा ट्यूनर तिघांतही आत नाही. पूर्ण वॅटला वीस अँपिअरच्या वर करंट लागतो, तेव्हा सिगारेट लायटरच्या सॉकेटचा विचारही करू नका. थेट बॅटरीपासून जाड तार आणि बॅटरीजवळच फ्यूज.

माझ्या गाडीत ८९१ राहिला, आणि शेजारी २ मीटरसाठी वेगळा एफएम सेट. डॅशवर दोन माइक लटकतात, पण ४० मीटरवर सकाळी बोलताना मला पुन्हा पुन्हा "रिपीट" म्हणावं लागत नाही. ज्यांना एकाच सेटमध्ये सगळं हवं आणि सीटखाली मुख्य डबा ठेवायला जागा आहे, त्यांनी ७१०० घ्यावा.

आणि कोणी जुना ८५७ देत असेल तर सौदा करण्याआधी झाकण उघडायला सांगा. कॉलिन्स फिल्टर वेगळा घ्यावा लागायचा, त्यामुळे अनेक सेटमध्ये ती जागा रिकामीच असते.