सिको ६३०९ सुट्या भागांतून जोडलं, आठ महिने वापरलं

सोलापुरात डायव्हर घड्याळ (पाणबुड्यांसाठी बनवलेलं) घालायचं म्हणजे जरा विनोदच. समुद्र लांब राहिला, आमच्याकडे नळालासुद्धा पाणी काही दिवसांआड येतं. आणि खरं सांगायचं तर या घड्याळाचं बेझल, म्हणजे काचेभोवतीचं फिरणारं कडं, मी सगळ्यात जास्त फिरवलं ते नळासाठीच. पाणी आलं की बेझलवरचा त्रिकोण मिनिटकाट्यासमोर आणायचा आणि टाकी भरायला किती वेळ लागला ते बघायचं. घरात त्याचं नाव ‘नळाचं घड्याळ’ असंच पडलंय.

मॉडेल सिको ६३०९-७०४०. १९७६ ते १९८८ या काळात निघालेलं, कासवाच्या पाठीसारखी गुबगुबीत केस (बाहेरची धातूची पेटी), वेळ लावायची चावी चारच्या आकड्याजवळ, डायलवर १५० मीटर लिहिलेलं. चांगल्या अवस्थेतलं अख्खं ओरिजनल घ्यायला गेलं की किंमत ऐकून चहा थंड होतो. म्हणून सुट्या भागांतून जोडायचं ठरवलं. केस ओरिजनल, मशीन ओरिजनल पण दुसऱ्या घड्याळातलं, आणि डायल, काटे, काच, चावी, पाणी अडवणाऱ्या रबर रिंगा बाहेरच्या कंपन्यांच्या. सर्व्हिसिंग धरून सगळा खर्च १५,००० रुपयांच्या आसपास गेला.

केस मुंबईच्या चोर बाजारातून आणली. मागच्या झाकणावरच्या सिरीयल नंबरचा पहिला आकडा ९, दुसरा ५. सिकोच्या त्या काळच्या पद्धतीत पहिला आकडा सालाचा शेवटचा अंक असतो आणि दुसरा महिन्याचा, म्हणजे मे १९७९. १९८९ धरता येत नाही, कारण हे मॉडेल त्याआधीच बंद झालं होतं. केस घेताना कडा बघा. कुणी बफावर घासून गुळगुळीत केली असेल तर वरच्या ब्रश केलेल्या भागाची आणि बाजूच्या चकचकीत भागाची हद्द पुसली जाते, आणि ती परत येत नाही. माझ्या केसवर चरे भरपूर आहेत, पण ही हद्द शाबूत आहे. त्यावरच मी भाळलो आणि घाई केली. चावी आट्यांनी जिच्यावर बसते ती केसची नळी भिंगाखाली बघायची राहून गेली. ते पुढं महागात पडलं.

मशीनसाठी डायल सडलेलं एक सिको ५ (सिकोचंच साधं घड्याळ) घेतलं. त्यातही ६३०९ नंबरचंच मशीन होतं: १७ ज्वेल (चाकांच्या टोकांना आधार देणारे खडे), ताशी २१,६०० ठोके. हे मशीन चावीनं भरत नाही, हातात धरून हलवावं लागतं. वेळ लावायला चावी ओढली तरी सेकंदकाटा थांबत नाही. आजच्या एनएच३६ या सिकोच्याच मशीनमध्ये या दोन्ही सोयी आहेत. ज्यांना सोय हवी त्यांनी ते घ्यावं, यात कमीपणा काही नाही. मला मात्र आतून त्या काळचं घड्याळ हवं होतं.

नवी पेठेतल्या ज्या घड्याळवाल्या मामांकडे मी जातो, त्यांनी मशीन पूर्ण उकलून धुतलं, तेल दिलं. आधी बॅलन्सचा, म्हणजे आतल्या मागेपुढे झुलणाऱ्या चाकाचा, झोका १९० अंशांच्या आसपास होता, नंतर २४० झाला. बसवून काच लावली आणि बघतो तर तारखेच्या खिडकीत १२चा खालचा अर्धा आणि १३चा वरचा अर्धा. मामा हसले. म्हणाले, “मालक, मशीन तीनच्या चावीचं हाय, केस चारची. तारीख कशी जुळंल?”

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. चावी तीनवरून चारवर न्यायची म्हणजे अख्खं मशीन ३० अंश फिरतं, पण खिडकी तीनवरच राहते. तारखेच्या चकतीवर ३१ आकडे, म्हणजे दोन आकड्यांमध्ये साधारण ११.६ अंश. ३०ला ११.६नं भाग पूर्ण जात नाही, म्हणून खिडकीत दोन तारखांची भेळ. डायव्हरसाठी चकत्यांवरची छपाईच वेगळी असते. त्या चकत्या मिळवायला दीड महिना गेला. तोवर मी तारीख मोबाईलवर बघत होतो, विचारणाऱ्यांना ‘जुनं आहे, चालायचंच’ असं सांगत होतो.

आठ महिन्यांत एक गोष्ट पक्की कळली. निव्वळ ओरिजनल भागांनी त्रास दिला नाही, निव्वळ बाहेरच्यांनीही नाही. जिथं एक संपतो आणि दुसरा सुरू होतो, त्या सांध्यावर सगळी भांडणं.

चावीचंच बघा. बाहेरची चावी दिसायला सुरेख, आटेही साफ. पण केसच्या नळीचे आटे चाळीसेक वर्षं झिजलेले. चावी फिरवली की बसल्यासारखी वाटते, शेवटच्या अर्ध्या फेऱ्यात मात्र घट्टपणा येतच नाही. ऑक्टोबर ते मार्च काही जाणवलं नाही. एप्रिलमध्ये पोरांना घेऊन तलावावर गेलो, उथळ बाजूलाच, वीस मिनिटं. घरी येईपर्यंत काचेच्या आतून पाचच्या आकड्याजवळ नखाएवढं धुकं. स्कूटर थेट मामांच्या दुकानाशी. त्यांनी आधी मागचं झाकण उघडलं, मग चावीसकट रॉड काढला आणि मशीन बाहेर घेऊन दिव्याखाली ठेवलं. रॉडवर पाण्याचा एकच थेंब होता. गंज धरायच्या आत सापडलं हे नशीब.

चावी विकणाऱ्याला लिहिलं तर उत्तर आलं, की ती नव्या केससाठीच आहे. विक्रीच्या पानावर तर ‘६३०९साठी’ इतकंच होतं. शेवटी दुसरी, आत जाड रिंग असलेली चावी घेतली. मामांनी नळीचे आटे साफ केले, सगळ्या रिंगांना सिलिकॉन ग्रीस लावलं. मग तपासणी. घड्याळ ४० अंशांच्या वर तापवायचं, काचेवर गार पाण्याचा थेंब ठेवायचा आणि मिनिटभरानं पुसून आत वाफ धरली का ते बघायचं. डायव्हर घड्याळांच्या आयएसओ ६४२५ मानकातसुद्धा ही चाचणी आहे. मे महिना होता, तापवायला दिव्याची गरजच पडली नाही, दुकानाच्या पायरीवर काम झालं. काच कोरडी राहिली. यातून आत आधीच ओल नाही एवढंच कळतं, दाबाखाली पाणी आत जाणार नाही याची खात्री मिळत नाही. दाबाच्या यंत्रात ५ बारला पास झालं, पण नळी झिजलेली ती झिजलेलीच.

काच सफायरची, म्हणजे सहज चरे न पडणारी, घेतली. आठ महिने स्कूटर, भिंती, भाजी मंडईतल्या क्रेटचे कोपरे सोसून एक चरा नाही. मूळची मिनरल काच एवढ्यात चऱ्यांनी माखली असती. पण काठावर आकडे वाकडे दिसतात आणि आतल्या कोटिंगची निळी झाक १९७९च्या केसवर शोभत नाही. परत घेतली तर बिनकोटिंगची घेईन.

डायल मात्र बाहेरचीच घ्यावी, असं माझं मत. जुन्या ओरिजनल डायलवरचं चमकणारं द्रव्य कधीच मेलेलं असतं, आणि ‘रंगवून नवी’ केलेल्या डायलपेक्षा सरळ नवी बरी. आपल्याकडे रंगवलेल्या डायलच्या घड्याळांना जगभर ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात, ते कौतुकानं नाही. माझी चूक एवढीच, की डायल आणि काटे दोन वेगळ्या ठिकाणांहून घेतले. दिवसा डायलचे ठिपके सायीच्या रंगाचे आणि काटे पांढरेफटक. रात्री ठिपके पहाटेपर्यंत दिसतात, काटे दोन वाजताच झोपतात. वेळ कळायला दोन्ही लागतात हो.

बेझल मूळचंच आहे, ६० टिकटिकींचं, दोन्ही बाजूंना फिरणारं. शर्टाच्या बाहीनं सरकतं. नळाच्या हिशेबात पाच मिनिटांनी फार बिघडत नाही. रबरी पट्टा उन्हाळ्यात घामानं चिकटला, म्हणून २२ मिलिमीटरचा नायलॉनचा लावला. विषय संपला.

चाल कशी? सर्व्हिसिंगनंतर दिवसाला १२ सेकंद पुढं, आता १८. रविवारी मोबाईलशी जुळवतो. एक दिवस न घालता ठेवलं की सोमवारी सकाळी बंद. मग देवघरासमोर घंटा वाजवल्यासारखं हलवत उभा राहतो, आणि आई दर वेळी वळून बघते.

पुढच्या हिवाळ्यात मामा रिंगा पुन्हा बदलणार आहेत आणि नळीत बारीक स्टीलची बाही बसवता येईल का ते बघणार आहेत. तोपर्यंत हे घड्याळ ऑफिसला, मंडईत आणि नळाशी. तलावावर जाताना मी कॅसिओ घालतो.