‘कम्प्लीट पिअरेज’चे सहा ठोकळे: आठ महिने वापरल्यानंतर

परवा रात्री ‘द कम्प्लीट पिअरेज’ या पुस्तकसंचाच्या चौथ्या ठोकळ्याचा पुठ्ठा पाठीपासून सुटला आणि शंभरेक पानांचा गठ्ठा मांडीवर आला. विक्रेत्याला मेल केला. नेहमीप्रमाणे उत्तर नाही. तेव्हा आठ महिने टाळलेलं हे लिखाण आज करतेच.

इंग्लिश उमरावघराण्यांच्या वंशावळींत ज्यांना रस आहे, त्यांना ‘द कम्प्लीट पिअरेज’ काय ते सांगायला नको. इतरांसाठी: पिअरेज म्हणजे उमरावपदं, आणि ती कुणाकुणाकडे होती याचा हा अनेक खंडांचा कोश. मी लिहितेय ते दुसऱ्या आवृत्तीबद्दल. १९१० ते १९५९ या काळात निघालेले तेरा खंड, बारावा दोन भागांत. त्यातही १९८०च्या दशकातल्या सहा ठोकळ्यांच्या पुनर्मुद्रणाबद्दल, ज्यात मूळची चार पानं लहान करून एका पानावर बसवली आहेत. ही चार पानांची गोष्ट विक्रेत्याच्या जाहिरातीत नव्हती. ‘पूर्ण संच, स्थिती चांगली’, एवढंच होतं. टपाल आणि कस्टम धरून माझे एकोणीस हजार रुपये गेले. पहिली आवृत्ती, १८८७ ते १८९८ची, इंटरनेटवर फुकट वाचता येते. तरी मी पैसे मोजले, कारण दुसऱ्या आवृत्तीतल्या तळटीपा मला हव्या होत्या. आणि नेमक्या त्याच वाचता येत नव्हत्या.

अक्षर किती लहान? तळटीपेच्या एका अक्षरावर मी खसखशीचा दाणा ठेवून पाहिला. अक्षर पूर्ण झाकलं गेलं. मुख्य मजकूर सकाळच्या उन्हात, खिडकीशी बसून, चष्मा लावून कसाबसा लागतो. तळटीपा म्हणजे राखाडी रेघा. पानाच्या आतल्या बाजूला, शिवणीजवळ, तर काहीच नाही.

परत पाठवते म्हटलं, तर ‘फोटोत पान दिसत होतं’ असं उत्तर आलं. फोटो बंद पुस्तकांच्या पाठींचा होता! तीन आठवडे मेलामेली झाली. परतीचं टपाल माझ्याकडून, आणि ते निम्म्या किमतीच्या घरात. एका ठोकळ्याला ओल लागलेली होती, त्याचे पंधराशे रुपये तेवढे मिळाले. पहिल्या महिन्यात कुणी विचारलं असतं, तर मी एका शब्दात सांगितलं असतं: घेऊ नका.

मग भिंग आणलं. हातात धरायचं नाही, त्याने दहा मिनिटांत मनगट दुखतं. पानावर ठेवून सरकवायचं, अर्ध्या गोट्यासारखं घुमटी भिंग, साडेसहाशे रुपयांचं. ते आजूबाजूचा उजेड गोळा करतं, त्यामुळे अक्षर नुसतं मोठं नाही, उजळही होतं. हा संच कुणी घेणार असेल तर भिंगाची किंमत संचातच धरावी. त्यानंतर मी या पुस्तकाला खरी सुरुवात केली आणि माझं मत बदलत गेलं.

आधी माझं काम सांगते. १८४८ ते १८५३ या काळात मुंबईत लिहिल्या गेलेल्या काही इंग्रजी पत्रांचा मी मराठी अनुवाद करतेय. त्यात दर दोन ओळींनी एक लॉर्ड येतो आणि प्रत्येकाला टीप द्यावी लागते. तेव्हाचा गव्हर्नर लॉर्ड फॉकलंड. फॉकलंड हे गाव स्कॉटलंडातलं, म्हणून मी बेधडक ‘स्कॉटिश उमराव’ लिहून मोकळी झाले होते. भिंगाखाली कळलं की घराणं केरी, पक्कं इंग्लिश. १६२०मध्ये हेन्री केरीला जो किताब मिळाला तो मात्र स्कॉटलंडच्या पिअरेजमधला. म्हणजे किताब एका देशाचा, माणूस दुसऱ्या देशाचा. अशी चूक छापून गेली असती तर मला पुढे फार लागलं असतं.

फॉकलंड ज्यात आहे त्या पाचव्या खंडाच्या शीर्षकात शेवटचा शब्द ‘गूजरात’ आहे. ते पंजाबातलं गुजरात, १८४९च्या इंग्रज-शीख लढाईचं. त्या लढाईतला इंग्रज सेनापती लॉर्ड गॉफ याच्या किताबात ते नाव जाऊन बसलं.

पण मला कायमचं जिंकलं ते ‘डेव्हन’ या नोंदीने. १५५३मध्ये मेरी राणीने एडवर्ड कोर्टनीला अर्ल ऑफ डेव्हन केलं (अर्ल हा उमरावांचा एक दर्जा). सनदेत लिहिलं, किताब त्याला आणि त्याच्या पुरुष वारसांना. अशा सनदांत एरवी ‘दे कॉर्पोरे’, म्हणजे ‘त्याच्या पोटचे’, हे दोन लॅटिन शब्द असतात. इथे ते नव्हते. एडवर्ड १५५६मध्ये इटलीतल्या पादुआत लग्नावाचून वारला आणि सगळ्यांनी किताब संपला असंच धरलं. पुढे १८३१मध्ये घराण्याच्या पाउडरहॅम शाखेतल्या विल्यम कोर्टनीने दावा केला की ‘पोटचे’ असं लिहिलेलंच नाही, म्हणजे कुठल्याही शाखेचा पुरुष वारस चालतो. हाउस ऑफ लॉर्ड्सने तो मानला. २७५ वर्षं गेलेला किताब दोन शब्द नसल्यामुळे परत आला. ज्या शास्त्रात दोन शब्दांवर अर्लपद ठरतं, त्याचं पुस्तक खसखशीएवढ्या अक्षरात छापायचं हे मला आजही पटत नाही. पैसे वाचवायला केलं असेल, पण पटत नाही.

बर्कलीची नोंद मी चार वेळा वाचली. पाचव्या अर्लचं मेरी कोल या खाटकाच्या मुलीशी १७९६मध्ये उघड लग्न झालं. तोवर त्यांना मुलं झालेली होती. पुढे अर्लने सांगायला सुरुवात केली की आमचं पहिलं लग्न गुपचूप १७८५मध्येच बर्कलीच्या चर्चमध्ये झालं होतं, आणि नोंदणीच्या पुस्तकात तशी नोंदही दाखवली. १८१०मध्ये तो वारला, थोरल्याने किताब मागितला. १८११मध्ये लॉर्ड्सनी ठरवलं, १७८५चं लग्न सिद्ध होत नाही. म्हणजे अर्ल झाला १७९६च्या लग्नानंतर जन्मलेला थॉमस मोर्टन. त्याने तो किताब जन्मभर लावला नाही. लावला असता तर आईचं आधीचं लग्न खोटं होतं हे त्याने स्वतःच्या तोंडाने कबूल केल्यासारखं झालं असतं. एका मुलाने आईसाठी हे केलं. तारखा, बाप्तिस्मे आणि मृत्युपत्रं यांच्या गर्दीत ते वाचताना मला भरून आलं.

दुसरी जमेची बाजू म्हणजे हे पुस्तक कुणाच्या पूर्वजांना फुगवत नाही. घराण्यांनी स्वतःच दिलेल्या माहितीवर रचलेल्या वंशावळींत काय काय घुसतं! डेन्बीच्या अर्लचं फील्डिंग घराणं स्वतःला ऑस्ट्रियाच्या हाब्सबुर्ग राजघराण्याचं वंशज म्हणवायचं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इतिहाससंशोधक जे. एच. राउंड यांनी तो दावा बनावट कागदांवर उभा असल्याचं दाखवलं. आपल्याकडच्या सूर्यवंशी-चंद्रवंशी वंशावळी ज्यांनी चाळल्यात त्यांना हे नवं नाही.

आता तक्रारी, कारण त्याही आहेत. हे पुस्तक फक्त किताब धारण करणाऱ्यांचं आहे. धाकटे मुलगे स्वतंत्रपणे मिळणार नाहीत. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन अकराव्या लॉर्ड एल्फिन्स्टनचा चौथा मुलगा, त्याला स्वतःची नोंद नाही. त्याचा पुतण्या, १८५३ ते १८६० मुंबईचा गव्हर्नर असलेला तेरावा लॉर्ड, त्याला आहे. या दोघांची गल्लत मराठीत सर्रास होते, आणि ती सोडवायला मला दुसरीकडे जावं लागलं.

मोठी तक्रार अशी की या संचात १९९८चा चौदावा खंड, म्हणजे दुरुस्त्यांचा, नाही. असणार कसा, पुनर्मुद्रण आधीचं. पण विक्रेत्याचं ‘पूर्ण’ हे तेव्हाच संपलं. बॅरन हा उमरावांतला सगळ्यांत खालचा दर्जा. जुन्या काही बॅरनपदांत मुलगा नसला तर सगळ्या मुलींचा हक्क सारखा, थोरली-धाकटी नाही, आणि एकच वारस उरेपर्यंत किंवा राजा निवड करेपर्यंत किताब अधांतरी राहतो. ग्रे ऑफ कॉडनरचं बॅरनपद असं १४९६पासून अधांतरी होतं. तो खंड १९२६चा, त्यात तसंच आहे, आणि मीही तसंच टिपून ठेवलं होतं. ते १९८९मध्ये मार्गी लागलंय. ४९३ वर्षांनी! त्या दिवसापासून प्रत्येक नोंद दुसरीकडे पडताळल्याशिवाय मी वापरत नाही.

एक नोंद मात्र मी मुद्दाम काढून पाहिली, डलहौसीची. घराणं स्कॉटिश, पण माझ्या पत्रांत तो पानोपानी आहे. १८४८मध्ये साताऱ्याचे शहाजीराजे वारले, त्यांचं दत्तकविधान नामंजूर झालं आणि राज्य खालसा झालं. डलहौसीला १८४९मध्ये मार्क्वेस, म्हणजे अर्लच्या वरचा उमराव, केलं. १८६०मध्ये तो वारला तेव्हा मागे दोन मुली होत्या, मुलगा नव्हता. जुनं अर्लपद चुलत घराण्यात गेलं, मार्क्वेसपद तिथेच संपलं. इंग्लंडच्या उमरावपदांत दत्तकाला वारसा आजही नाही. आणि फॉकलंड? १८८४मध्ये तो गेला आणि किताब भावाकडे गेला. या दोन नोंदी एका संध्याकाळी पाठोपाठ वाचल्या आणि भिंग बाजूला ठेवून बराच वेळ तशीच बसले. आमचं मूळ गाव साताऱ्याजवळचं.

घ्यावा का? चौपट जागा आणि पैसे असतील तर मूळ खंड घ्या. नसतील तर हा संच घ्या, पण आधी आतल्या पानाचा फोटो मागा, शेजारी पट्टी ठेवून. चौदावा खंड मिळतो का तेही बघून ठेवा. मी त्याच्यासाठी दर महिन्याला थोडे बाजूला टाकतेय.

चौथा ठोकळा काल बाइंडरकडे दिला. तीनशे रुपये, कापडी पाठ. त्यांना दोनदा सांगून आलेय की कडा कापायच्या नाहीत. मजकूर अगदी कडेपर्यंत आहे, एक सूत जास्त गेलं तरी तळटीप जाईल.