एक्सेल की सिम्युलेशन: कारखान्याचं प्लॅनिंग कशावर करावं?

नागपूरजवळचं हिंगणा असो की बुटीबोरी, एमआयडीसीतल्या अनेक छोट्या कारखान्यांचं प्लॅनिंग एक्सेलवरच चालतं. त्यात वाईट काही नाही. ऑर्डर, स्टॉक, शिफ्ट एका नजरेत दिसतात, सुपरवायझरलाही शीट वाचता येते. अडचण एकच, पण मोठी: शीट सरासरीवर चालते.

एकामागोमाग दोन मशीन घ्या, प्रत्येकीला एका नगासाठी सरासरी 10 मिनिटं. एक्सेल सांगेल, तासाला 6 नग. प्रत्यक्षात हा वेळ खूप वर-खाली होत असेल (उदाहरणार्थ, गणितातल्या घातांकी वितरणाप्रमाणे) आणि मध्ये माल ठेवायला जागाच नसेल, तर हातात पडतात तासाला 4. पहिली अडली की दुसरी रिकामी, दुसरी अडली की पहिली थांबलेली. मध्ये 3 नगांची जागा केली की आकडा 5 वर जातो. तोही नवीन मशीन न घेता!

सिम्युलेशनमध्ये, म्हणजे कारखान्याची नक्कल संगणकावर चालवून बघताना, हे आधीच दिसतं. मे महिन्यात पारा 45 वर असताना वीज गेली, कच्च्या मालाचा ट्रक दोन दिवस अडकला, तर डिलिव्हरी किती लांबेल, हे हजार वेळा चालवून बघता येतं. त्यासाठीची सिमपाय (SimPy) ही पायथन भाषेतली लायब्ररी फुकट आहे, साधा लॅपटॉप पुरतो. खरी मेहनत नोंदींची. मशीन कधी बंद पडली, किती वेळ, हे कोणी लिहूनच ठेवत नसेल तर मॉडेलही अंदाजच.

रोजच्या कामवाटपाला माझं मत एक्सेललाच. पण नवीन मशीन, तिसरी शिफ्ट किंवा वाढीव स्टॉक यांवर पैसा घालण्याआधी सिम्युलेशन कराच, आणि सुरुवात सगळ्यात जास्त अडणाऱ्या मशीनपासून करा.